खाली डबा, वर सूनबाई

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "ताई, खाली फुल्ल येते, वर येतच नाही." खामगावचा आडत्या असो की पिंपळगाव राजाचा शेतकरी, वाक्य तेच. बोलताना माणूस छताकडे बोट दाखवतो. जणू नेट तिथं पंख्याला अडकून बसलंय आणि मी शिडी लावून ते सोडवून द्यायचंय.

शिडी मात्र मी खरंच लावते. लोक आधी तेच विचारतात, म्हणून आधी तेच सांगते.

लग्न होऊन खामगावला आले तेव्हा आमच्या ह्यांचा केबल टीव्हीचा धंदा होता. धंदा चांगला, माणूस त्याहून चांगला. फक्त उंचीवर गेलं की यांना चक्कर यायची, आणि हे यांनी लग्नाच्या बोलणीत सांगितलं नव्हतं. एका रविवारी क्रिकेटची फायनल रंगात आलेली असताना सगळ्या गल्लीचं चित्र गेलं. गच्चीवरची वायर वांदरांनी तोडली होती. हे शिडीच्या दोन-तीन पायऱ्या चढले आणि शिडीला मिठी मारून, डोळे मिटून तिथंच उभे राहिले. खाली गल्ली बोंबलतेय, वर वायर लोंबतेय, मध्ये हे. मी पदर खोचला, यांना हाताला धरून उतरवलं आणि वर गेले. वायरचा जोड कसा मारतात ते रोज बघून ठाऊक होतं. जोड बसला आणि खालून 'आलं, आलं!' असा गजर उठला. त्या दिवसापासून हे गल्ल्यावर आणि मी शिडीवर. केबल मागं पडली, फायबर आलं. साडी गेली, पंजाबी ड्रेस आला. पण वाटणी तीच राहिली.

अजूनही नवीन घरी गेले की कुणीतरी माझ्या खांद्यामागं बघतं. "माणूस नाही आला का बाई?"

"मीच माणूस. शिडी धरा."

बाई असण्याचा फायदाही असतो. दुपारी पुरुष घरात नसले तरी मला दार उघडतात. मी थेट स्वयंपाकघरात जाते, वरच्या खोलीत जाते, कपाटामागं डोकावते. घर कसं बांधलंय ते कळतं, आणि कसं चाललंय तेही थोडंफार कळतंच.

आता वाय-फाय वर का जात नाही, ते सांगते. स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी द्या. ठसका बैठकीत जातो, कारण मधलं दार उघडं असतं. पलीकडच्या खोलीत जरा कमी जातो. वरच्या मजल्यावर जातो तो जिन्यातून. स्लॅब फोडून जात नाही. वाय-फायचं जवळपास तसंच. स्लॅबमध्ये लोखंडाच्या सळ्यांची जाळी, वर फरशी, कुठं भिंतीला लागून स्टीलची धान्याची कोठी, कुठं पाण्याची भरलेली टाकी. जे काही वाय-फायच्या डब्यातून, म्हणजे राउटरमधून, निघतं ते तिथंच जिरतं. म्हणून मी कुठल्याही घरात शिरले की आधी जिना बघते. लोकांना वाटतं डब्याला अँटेनाच्या मोठ्या काड्या असल्या की झालं. "चार काड्यावाला आणा ताई, आमच्या साडूकडे सहा काड्यावाला आहे." मी म्हणते, काड्या कितीही लावा, आधी तो डबा तेलाच्या पिप्यातून बाहेर काढा. हो, एका घरी पाल शिरू नये म्हणून डबा रिकाम्या पिप्यात उभा केला होता, झाकणासकट. आणखी एकांनी पोरांच्या परीक्षेपायी तो गोदरेजच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं, आणि तक्रार काय, तर "बैठकीत स्पीड नाही."

वर नेट नेण्याचे रस्ते तीन. जिन्याच्या तोंडाशी दुसरा डबा लावायचा, म्हणजे खालचं झेलून तो वर फेकेल. किंवा खालून वर वायर ओढायची आणि वर तिला डबा लावायचा. हे काम पक्कं. किंवा वायर सरळ लॅपटॉपसारख्या यंत्रातच खोचायची. यातलं कुठलं कुठं लागू, एवढ्यावरच माझं पोट चालतं.

प्रत्येक वेळी वर नेट नेऊन भलंच झालं, असंही नाही. खामगावातच एका मास्तरांच्या घरी मी वरच्या खोलीत डबा लावून दिला. त्यांचा मुलगा कॉलेजातला, खाली बैठकीत सगळ्यांच्या मध्ये बसून मोबाइल बघायचा. काही महिन्यांनी दुसऱ्याच कामाला गेले तर त्याची आई चहा देताना हळूच म्हणाली, "ताई, पहिलेचंच बरं होतं. नेटसाठी का होईना, खाली येऊन बसत होता." मी चहा प्याले.

पिंपळगाव राजाच्या साहेबरावांची गोष्ट मात्र उलटी झाली. तीच सांगायला आज बसले आहे.

मार्चातली दुपार. साठीतले एक गृहस्थ दुकानात आले आणि गल्ल्यावर वांग्यांची पिशवी ठेवली. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवून खामगावच्या बाजारात आणणारे हे साहेबराव. त्यांच्या घरी खालच्या मजल्यावर आमचंच कनेक्शन होतं.

"ताई," ते म्हणाले, "एक तं माह्या घराले वायर लावा, नाहीतर माह्या पायाले चाकं लावा."

प्रकार असा होता. मुलगा प्रशांत पुण्याकडे कंपनीत. जमेल तेव्हा सुटीला यायचा. सून रूपाली माहेरची साखरखेर्ड्याची, लग्नाआधी तिथं शाळेत शिकवायची. तिला दिवस गेले होते, आणि डॉक्टरीणबाईंनी सक्त सांगितलं होतं : पलंगावर पडून राहायचं, जिना नाही, प्रवास नाही, उकिडवं बसणं नाही. खुर्चीसारखा संडास घरात वरच्या मजल्यावरच होता. म्हणून रूपालीला दवाखान्यातून आणलं आणि खुर्चीत बसवून थेट वर नेलं. सासू गोदाबाई खाली. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांनी कधीच दगा दिलेला. ओसरीची एक पायरी चढतानासुद्धा भिंत धरायच्या. म्हणजे सून खाली येऊ शकत नाही, सासू वर जाऊ शकत नाही, आणि घर गावाच्या शिवेवर, तिथं मोबाइलची रेंज खिडकीतून अर्धं बाहेर लोंबकळलं तरच मिळणार. मग दोघींच्या मध्ये निरोप नेणारे एकटे साहेबराव.

"निरोप नेतो त्याचं काही नाही," ते म्हणाले. "पण मधातच बदलून जाते तो. परवा सून म्हने, औषध जेवणाच्या आधी घेऊ का मंग, आईले विचारा. मी खाली आलो अन् सांगतलं, सून म्हणते जेवण मंग घेतो. झालं! आमच्या घरी, म्हणजे तिची सासू, बसली रुसून. म्हने, माह्या हातचं जात नसन तिले."

आमचे हे गल्ल्यावर बसून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. घर पाहिलं आणि नेट वर का जात नाही ते फाटकातूनच समजलं. जिना घराबाहेरून होता. वर लोखंडी दार. खालच्या बैठकीतून वर जायला आतून एक भोकसुद्धा नाही. साहेबराव म्हणाले, "स्लॅबले हात नका लावजा, मंग गळत राहते जन्मभर." तेव्हा वायर खिडकीतून काढून जिन्याच्या बाजूनं वर चढवायची, आणि रूपालीच्या खोलीत लहान डबा लावायचा, असं मी ठरवलं. पिशवीतून डबा काढला तोच स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"ते काय लावून राह्यल्या तुम्ही वर?"

गोदाबाई. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळावर मोठं कुंकू, एक हात दाराच्या चौकटीला.

"डबा लावते वैनी. खाली आहे ना, तसाच. लहान."

"नाही लावाचा."

"काऊन?"

"त्याच्यातून लहरी निघतात. पोटातल्या लेकराले बाधतात."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात. मोबाइलवर बी आलं होतं."

मोबाइलचा धोका मोबाइलवरूनच कळला, याचं मला हसू येत होतं. ते दाबून मी विचारलं, "डॉक्टरीणबाईंना विचारलं का?"

"विचारलं. त्या म्हणतात काही होत नाही." त्यांनी चौकटीवरचा हात बदलला. "मागच्या दोन्ही खेपेले बी डॉक्टर म्हने, सगळं बरोबर आहे. दोनदा पाळणा माळ्यावरून काढला बाई. धुतला, पुसला. अन् दोनदा तसाच वर ठेवला."

साहेबराव अंगणात बघू लागले.

या विषयावर बोलायला माझ्याकडे बरंच काही असतं. चिमण्यांपासून डोकेदुखीपर्यंत सगळ्याचा आळ लोक आमच्या डब्यावर घालतात, त्यामुळे उत्तरं तयारच. पण समजा मी वाद जिंकले असते आणि डबा लावून निघून आले असते, तर पुढचे सगळे महिने त्या बाईनं छताकडे बघत काढले असते. मी डबा पिशवीत परत ठेवला.

"वैनी, डबा नाही लावत. नुसती वायर नेते वर. रूपालीकडे लॅपटॉप आहे ना? वायर सरळ त्याच्यात. काहीच बाहेर निघणार नाही."

"वायरीतून गळत नाही?"

"नाही. वरून पाइपबी घालते."

त्यांनी विचार केला. "मंग घाला. जाड घाला."

पाइप तसाही घालायचाच होता. उन्हानं वायर तडकते आणि खारींना तिची चव फार आवडते. मी शिडी लावली. साहेबरावांनी धरली. जिन्याच्या वळणाखाली पाइपाची पट्टी ठोकायला हात घातला आणि तिथं गांधीलमाश्यांचं पोळं! माझ्या लक्षात येईपर्यंत एकीनं वरच्या ओठावर डंख मारला होता. मी शिडीवरून कशी उतरले ते आठवत नाही. साहेबराव सांगतात, उतरलेच नाही, आलेच. गोदाबाई भिंत धरत धरत ओसरीपर्यंत आल्या, मला खाली बसवलं आणि फोडलेला कांदा ओठावर धरला.

"अवं माय! दाबून धरा. लेकरं आहेत का तुम्हाले?"

"एक मुलगी. नाशिकले असते."

"तिले सांगू नका. घाबरन." आणि नवऱ्याकडे वळून, "तुम्हाले माहीत नव्हतं का पोळं आहे तं? रोज जाता ना त्याच्या खालून!"

"मले नाही चावत त्या," साहेबराव म्हणाले. "रोजचा जाणारा-येणारा आहे मी."

पोळ्याचा बंदोबस्त करून वायर वर पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. वरच्या खोलीत मी रूपालीला पहिल्यांदा पाहिलं. पलंगाच्या पायथ्याकडच्या बाजूला खाली विटा लावलेल्या, उशाशी गोळ्यांचा डबा, आणि चेहऱ्यावर असा कंटाळा की कुणी जिन्यात शिंकलं तरी तिला बरं वाटलं असतं. माझा ओठ बघून ती आधी दचकली, मग हसू आवरेना.

"काकू, माझ्यापायी?"

"तुझ्यापायी नाही, वायरीपायी. उठू नको. लॅपटॉप कुठाय?"

वायर खोचली. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून टाकलं. शब्द दिला होता. मग खाली गोदाबाईंच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग पंखा, मग एक भलंमोठं कुंकू.

"आई, फोन जरा लांब धरा. नुसतं कपाळ दिसतंय."

फोन लांब गेला. पडद्यावर गोदाबाईंचा अख्खा चेहरा आला आणि दोघी एकमेकींना निरखू लागल्या. एकाच घरात, एकाच स्लॅबच्या वर-खाली राहून कितीतरी दिवसांत दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

"वाळली वं तू," सासू म्हणाली.

"आई, वजन वाढलंय माझं."

"मले नको सांगू. गाल कोठी गेले?"

रूपाली हसली, आणि हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. मी खिडकीतल्या पाइपाला उगाच आणखी एक स्क्रू मारला.

"अन् ते मांगं काय आहे?" पडद्यातून आवाज. "खिडकीच्या वर? जाळं हाये का ते? ह्याईले म्हणा, झाडू घेऊन जा वर. पडद्याले बी धुवाचं झालं. अन् तो तांब्या उघडाच? झाक वं माय, झाक."

मी निघाले तेव्हा रूपाली हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही नेट आणलं म्हणता, पण आणलं सासूबाईंनाच की हो वर!"

त्यानंतर तो कॉल सकाळी लागायचा तो संध्याकाळीच बंद व्हायचा. गोदाबाई फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून स्वयंपाक करायच्या, रूपाली पडल्या पडल्या बघायची. लसूण दोघीत वाटून घ्यायच्या : अर्धा खाली, अर्धा वर, सोलता सोलता गप्पा. साहेबराव बाजारातून परतताना दुकानात डोकावायचे. "ताई, माही नोकरी गेली," म्हणायचे. खुशीत असायचे.

मग एप्रिलमध्ये वादळ आलं.

दुपारपर्यंत नुसती उकाड्यानं काहिली. साहेबराव मिरची घेऊन खामगावला आले होते. चारच्या सुमारास अंधारून आलं, आणि जे वारं सुटलं त्यानं आमच्या समोरच्या दुकानाचा बोर्ड उचलून पार नाल्यात नेला. पाठोपाठ गारा.

आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर प्रत्येक घराचा एक ठिपका दिसतो. हिरवा म्हणजे त्या घरचा डबा चालू, लाल म्हणजे बंद. मी बघत होते तोवर पिंपळगाव राजाचे ठिपके एकामागून एक लाल झाले. अख्खं गाव लाल.

गारा थांबल्यावर साहेबराव दुकानात आले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, हातात निकामी मोबाइल. गावाकडचा टॉवर गेला होता, कुणालाच फोन लागत नव्हता.

"दोघीच आहेत घरी," ते म्हणाले. "एक खाली, एक वर."

आमच्या ह्यांनी त्यांना गाडीवर घेतलं आणि दोघं निघाले. तासाभरात परत आले. रस्त्यावर कडुलिंबं आडवी, त्यांच्यावर विजेचे खांब, तारा पसरलेल्या. पोलिसांनी कुणालाच पुढं सोडलं नाही.

साहेबरावांनी स्टूल ओढलं आणि कॉम्प्युटरसमोर बसले.

"माह्या घरचा कोणता?"

मी बोट ठेवून दाखवलं. बाकीच्यांसारखाच लाल.

"भाऊ, लाल म्हणजे वाईट काही नाही. नुसती लाइट गेली आहे असा अर्थ."

"ते समजते मले ताई." ते पडद्यावरून नजर काढेनात. "मी पाह्यतो फक्त."

त्यांना चहा दिला, पोळी-भाजी दिली. दोन घास खाऊन ते पुन्हा तिथंच. एवढी वर्षं मी हे ठिपके बघते. लाल दिसला की मनात येतं, आता तक्रार येणार. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला त्या ठिपक्यांमागची घरं दिसायला लागली. कुणाच्या घरी कोण एकटं असेल, कोण जिन्यावर असेल.

उजाडताच रस्ता मोकळा होत असल्याचं कळलं. माझ्या गाडीवर मागं साहेबराव बसले. घराजवळ आलो तर गायीच्या कोठ्याची टिनं उडून वांग्याच्या वावरात पडलेली. घराचं दार सताड उघडं. आत पाणी शिरलेलं. चूल थंड. गोदाबाईंची खाट रिकामी, त्यांचा मोबाइल स्वयंपाकघरात जमिनीवर.

"गोदा!" साहेबरावांनी हाक मारली. एरवी ते 'आमच्या घरी' म्हणायचे. बायकोचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

उत्तर नाही. आम्ही जिन्याकडे धावलो. खालच्या पायरीशी चिखलात गोदाबाईंची एक चप्पल पडली होती. एकच. साहेबराव तिच्याशेजारी मटकन बसले. मी त्यांना ओलांडून पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि वरून खणखणीत आवाज आला.

"कोण हाय वं खाली? हे आले का? म्हणा, पहिले गायीले पाणी पाजा!"

साहेबरावांनी रुमालानं तोंड पुसलं. "पाजतो," म्हणाले. पण जागचे उठले नाहीत.

काय झालं ते रूपालीनं सांगितलं. वारं सुटलं, लाइट गेली, कॉल तुटला. रूपाली पलंगावर पडून ऐकत होती. इतक्यात कोठ्याचं टिन उडून वरच्या कठड्यावर आदळलं. प्रचंड आवाज झाला. खाली गोदाबाईंना वाटलं, वरचं छतच गेलं. त्यांनी हाका मारल्या. वाऱ्यात त्या वर पोचेनात. फोन दाबला, पडदा तसाच. मग त्या बाहेर आल्या आणि जिन्याकडे पाठ करून पायरीवर बसल्या. दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकायचे, अंग उचलून वर बसायचं, पुन्हा हात टेकायचे. गारांमध्ये. गुडघे दुमडत नव्हते तर पाय सरळ ठेवूनच फरफटत नेले. वळणावर एक चप्पल निसटली ती निसटली.

दारावर थाप ऐकून रूपाली उठली. दार उघडलं तर उंबऱ्याशी सासू बसलेली. डोक्यापासून निथळतेय, हाताचे तळवे सोललेले.

"आणि काकू," रूपाली म्हणाली, "मला बघून पहिलं वाक्य काय म्हणाल्या, माहीत आहे? 'उठली काऊन? तुले उठाचं नाही म्हणून सांगतलं ना!'"

गोदाबाई पलीकडे रूपालीचा गाऊन घालून बसल्या होत्या. गाऊन त्यांना घोट्याखाली लोळत होता. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमची वायर चांगली आहे बाई. पण लाइट गेली की गेली."

"हाव वैनी," मी म्हटलं. आमच्या वायरीत वीज नसते, पण दोन्ही टोकांचे, घरचे आणि आमच्या दुकानाकडचे, डबे विजेवर चालतात. मी साहेबरावांना म्हटलं, डब्यासाठी बॅटरीची सोय करून देते. ते म्हणाले, "बारा व्होल्टचा आहे ना तो? माह्या फवारणीच्या पंपाची बॅटरीबी बाराचीच आहे." बघितलं तर खरंच जमत होतं. मी टोकं बसवून दिली. तेव्हापासून लाइट गेली की त्यांच्या घरचा डबा फवारणीच्या पंपावर चालतो आणि गाव लाल असताना एक ठिपका हिरवा राहतो.

गोदाबाई त्या दिवशी खाली उतरल्या नाहीत. गुडघे सुजून भोपळ्यासारखे झाले होते. आठवड्यानं सूज ओसरली, तरी उतरल्या नाहीत. "आता पुन्हा लाइट गेली तं?" म्हणाल्या. त्यांची गादी रूपालीच्या पलंगाशेजारी जमिनीला न लावता एका बाकावर टाकली, म्हणजे उठता-बसता यावं. वर दोघी झाल्या. खाली साहेबराव एकटे, गॅससमोर. आता कॉल उलटा सुरू झाला.

मे महिन्यात एकदा त्यांचाच फोन आला. "ताई, पाहा, काय हाल केले तुमच्या वायरीनं माहे. दोघी वरून हुकूम सोडून राह्यल्या. हळद टाका, आच कमी करा, ते नाही वं, दुसरा डबा. काल भाजी जळली तं दोघी इतक्या हासल्या, इतक्या हासल्या..." मग आवाज जरा खाली आणून, "सुनेचा चेहरा भरला ताई आता."

रूपालीला थोडी लवकरच वेळ आली. प्रशांत पोचला होता. साहेबरावांच्या पुतण्यांनी तिला खुर्चीत बसवून जिना उतरवला. त्याआधी गोदाबाई स्वतः उतरून बसल्या होत्या, जशा चढल्या तशाच, पायरीगणिक बसत. "मले मांगं ठेवून जाता का?" म्हणाल्या आणि गाडीत पुढच्या सीटवर चढल्या. खामगावच्या दवाखान्यात मुलगी झाली. अंगानं लहान, आवाजानं मोठी. दवाखान्यातून साहेबराव चालत दुकानात आले. गल्ल्यावर पेढ्यांचा पुडा ठेवला आणि आमच्या ह्यांचा हात धरून उभे राहिले.

बारसं झालं ते वरच. पाळणाही वरच बांधला. दवाखान्यातून आल्यावर गोदाबाई पुन्हा पायरीगणिक बसत वर गेल्या होत्या आणि आता खाली यायचं नावच काढत नव्हत्या. आलेल्या बायका जिना चढून धापा टाकत होत्या आणि गोदाबाई त्यांना पाणी देत म्हणत होत्या, "काय बाई, एवढ्याशानं दमल्या?"

बायका पांगल्यावर साहेबराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आता सगळं घर वर आलं. मीबी वरच झोपतो. तो डबा बी वर आणून द्या ना."

"नाही आणाचा," गोदाबाई पाळण्याची दोरी न थांबवता म्हणाल्या. "लेकरू लहान आहे."

साहेबरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी उचलली. या घरात निकाल कुठं लागतो ते मला केव्हाचं कळलं होतं.

मी खाली उतरले. साहेबरावही माझ्यासोबत खाली आले. रिकाम्या बैठकीत डब्याचे दिवे लुकलुकत होते. ते त्याच्याजवळच्या बंगईच्या झोपाळ्यावर बसले, चष्मा लावला आणि मोबाइलवर उद्याचा मिरचीचा भाव बघू लागले. मी गाडीला किल्ली लावली तोच वरच्या लॅपटॉपवरून त्यांच्या हातातल्या फोनवर कॉल आला. गोदाबाईंचा आवाज मला अंगणापर्यंत ऐकू आला, पण नेहमीचा खणखणीत नव्हता, दबका होता.

"या वर. जेवाचं वाढलं. अन् चढतानी आवाज नका करजा, पोट्टी आत्ताच झोपली."

साहेबरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. जिन्याशी येऊन चपला काढल्या, त्या हातात घेतल्या, आणि एकेक पायरी बघून पाय टाकत अंधारात वर चढू लागले.